परदेशात स्वयंसेवा करून नागपूरला परतलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दहा महिने टांझानियात होते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वांझा शहर आहे, त्याच्या थोडं बाहेर एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. परत येऊन सहा वर्षं झाली. नागपुरात असे परतलेले आम्ही आठ-दहा जण आहोत. कुणी २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळात घरं बांधायला गेलं होतं, कुणी कंबोडियात मुलांना शिकवायला, आणि एक डॉक्टर दक्षिण सुदानमध्ये. महिन्यातून एकदा धरमपेठेत कुणाच्या तरी घरी बसतो. नवीन परतलेली मुलंमुली भेटली की प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत. गटातल्या सगळ्यांना ती पटतातच असं नाही, आणि डॉक्टरांना तर बहुतेक पटतच नाहीत.

परत आल्यापासून इथलं काहीच बरं वाटत नाही. हे किती दिवस चालतं?

माझं जवळपास वर्षभर चाललं. तिथे आमच्या शाळेतल्या मुली पिवळे कॅन घेऊन पाण्याला जायच्या. इथे आल्यावर शेजारच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी अर्धा तास भरून वाहताना दिसायची. चौथ्या दिवशी मी जाऊन भांडले. शेजारच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "दहा महिने बाहेर राहून आली तर आता आम्हाला शिकवून राहिली का?" त्यांचं चूक नव्हतं. जायच्या आधीही ती टाकी रोज वाहतच होती, तेव्हा मी कधी काही बोलले नव्हते.

माझा सल्ला एवढाच: पहिले तीन महिने कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. नोकरी सोडू नका, संस्था काढू नका, लग्न मोडू नका.

तब्येतीच्या दोन गोष्टी मात्र लगेच पाहा. मलेरियाच्या देशातून आला असाल आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर कुठून आलात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. पावसाळ्यात नागपुरात ताप म्हटला की आधी डेंग्यूचा विचार होतो. दुसरं, पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड जपून ठेवा. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

लोक दोन मिनिटांत विषय बदलतात. अनुभव सांगायचा तरी कसा?

नागपुरात ही अडचण पहिल्याच शब्दाला येते. "मी स्वयंसेवक होते" म्हटलं की समोरचा विचारतो, "कोणत्या शाखेत?" ते हसून झालं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "तिकडे गरिबी फारच असेल ना?"

मी सुरुवातीला स्लाइड शो दाखवायचे. १४० फोटो. मावशी सोफ्यावर झोपून गेल्या. आता मी फक्त घड्याळाची गोष्ट सांगते. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात वाजले की तिथे 'सा मोजा', म्हणजे पहिला तास. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापिकेने मला 'सा मबिली'ला बोलावलं. मबिली म्हणजे दोन, म्हणून मी दुपारी दोनला गेले. बैठक सकाळी आठला होऊन गेली होती. ही गोष्ट ऐकून लोक हसतात, आणि मग आपणहून विचारतात की तिथे मुलं काय शिकतात, काय खातात, रिक्षा आहेत का. रिक्षा आहेत, आणि त्यांना तिथे 'बजाजी'च म्हणतात.

फोटोंबद्दल मी एकच कसोटी लावते. तोच फोटो शेजारच्या मुलाचा असता, तर त्याच्या आईला न विचारता भिंतीवर किंवा इन्स्टाग्रामवर लावला असता का?

नागपुरात बसून जागतिक प्रश्नांशी संबंध ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर द्यायलाच मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

सुरुवातीला मी टांझानियाच धरून बसले होते. तिथलं संगीत, तिथला 'उगाली' (मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा), तिथल्या मैत्रिणींचे मेसेज. ते हळूहळू आठवणींचं प्रदर्शन झालं. मग एक वाक्य आठवलं. आमच्या शाळेजवळून कापसाचे ट्रक जायचे. म्वांझा, शिन्यांगा, सिमियू हा तिथला कापूस पट्टा, आणि कापसाला तिथे 'पाम्बा' म्हणतात. माझं आजोळ हिंगणघाटचं, त्यामुळे जिनिंगजवळचा सरकीचा वास मला पहिल्या दिवशीच ओळखू आला. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "म्वालिमू, तुमच्याकडे कापसाचा भाव कोण ठरवतं?" म्वालिमू म्हणजे शिक्षक. शिक्षिकेला उत्तर आलं नाही.

ते उत्तर मी नागपुरात येऊन शोधलं. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली, की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देते, त्याने जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. आता हेच वाक्य हिंगणघाटच्या बाजार समितीत उभं राहून म्हणा, कुणालाही परकं वाटणार नाही. दरवर्षी ७ ऑक्टोबरला जागतिक कापूस दिन असतो, तोही याच चार देशांच्या पुढाकाराने २०१९ पासून सुरू झाला. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं आणि नंतर ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका विदर्भातला कापूस बाजारात येतो त्या दिवसांत. जनुक बदललेला बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला. बुर्किना फासोनेही तो लावला आणि धागा आखूड निघतो म्हणून काही वर्षांनी सोडून दिला. आपण गुलाबी बोंडअळीशी झुंजत राहिलो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, आणि त्यानंतर तिथल्या काही कुटुंबांनी कीटकनाशक बनवणाऱ्या स्विस कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधल्या न्यायालयात दाद मागितली. यवतमाळच्या माणसाला बाझेलचं कोर्ट माहीत झालं. जागतिक प्रश्न आणखी कुठे शोधायचा?

तेव्हा माझं म्हणणं असं: देश धरू नका, धागा धरा. तिथे जो प्रश्न डोळ्यांनी पाहिला, तो विदर्भातून कुठून जातो ते हुडका आणि तेवढाच एक पाच वर्षं सोडू नका. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, कळमन्याचा बाजार आहे, तासाभरावर कापूस पिकवणारी गावं आहेत. आम्ही काय केलं, तर कापसाचा भाव कसा ठरतो यावर मराठीत चार पानांची पुस्तिका केली आणि दोन गावांत बसून वाचून दाखवली. पहिल्याच गावात एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "अमेरिकेचं लिहिलं ते ठीक आहे बाई, पण व्यापारी ओलाव्याची घट किती कापतो ते काऊन नाही लिहिलं?" दुसऱ्या आवृत्तीत ते पहिल्या पानावर आलं. स्वाहिलीतली आवृत्ती म्वांझाच्या त्याच शाळेतल्या मुलींनी केली, आणि त्यांनी आमचा एक हिशेब चुकलेला दाखवून दिला. गणिताच्या शिक्षिकेचा!

माझा कापसाशी संबंध नाही. मी हवामानावर, आरोग्यावर, शाळेत, निर्वासितांमध्ये काम केलं.

हवामान म्हणाल तर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, नागपुरात राहणाऱ्याला दूर जायची गरजच नाही. उष्माघात कृती आराखडा अहमदाबादने २०१३ मध्ये केला, पुढे नागपूरनेही केला. तो मिळवून वाचा आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या वस्तीत फिरून पाहा, पाणपोई कुठे आहे, बाग उघडी आहे का, बांधकामावरच्या मजुरांची सुट्टी किती वाजता होते. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं शहराला लागून आहेत. कूलर लावून कोळशावर चर्चा करताना हे लक्षात असू द्या. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना शहरी पूर म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून ऐका.

आरोग्यात होता, तर गडचिरोलीला जा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्याचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि ती पद्धत पुढे देशाच्या कार्यक्रमात गेली. आपण परदेशात शिकायला जातो आणि जग इथे शिकायला येतं, हे मला तिथून आल्यावरच कळलं, याची थोडी लाज वाटते.

शाळेत होता, तर भाषेचा धागा फार मोठा आहे. टांझानियात सात वर्षं प्राथमिक शाळा स्वाहिलीत, आणि माध्यमिकच्या पहिल्या दिवसापासून सगळं एकदम इंग्रजीत. माझ्या वर्गात गणित येणारी मुलं प्रश्नच वाचू शकत नव्हती. गडचिरोलीतलं माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत मराठीसमोर असंच उभं राहतं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने म्हणूनच गोंडी माध्यमाची शाळा काढली.

निर्वासितांचं म्हणाल, तर हिवाळ्यात ज्यांच्याकडून आपण स्वेटर घेतो ते तिबेटी कोण आहेत? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही त्यांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. मी तीस वर्षं त्यांच्याशी फक्त भावाची घासाघीस केली.

तिथल्या शाळेसाठी इथून पैसे पाठवता येतात का?

येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते आणि देणगी त्यात बसते. आपल्यापैकी कुणाची उडी तिथवर जाणार नाही, पण बँकेतला माणूस गोंधळला तर योजनेचं नाव सांगा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या कलम ८०जी ची करसवलत मिळत नाही. पैसे व्यक्तीच्या नव्हे, शाळेच्या खात्यावर पाठवा.

आणि उलटं? तिकडचे मित्र माझ्या इथल्या कामासाठी पैसे द्यायला तयार आहेत.

थांबा. इथे चांगली मुलं अडकतात. सामाजिक कामासाठी परदेशी पैसा घ्यायचा तर २०१० चा परदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे सगळे ज्याला एफसीआरए म्हणतात तो, लागू होतो. आपल्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर "वस्तीतल्या वाचनालयासाठी" म्हणून बर्लिनच्या मित्राकडून पैसे घेणं हे निरागस दिसतं, पण चालत नाही. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, आणि एका संस्थेने घेतलेला तो दुसरीला देताही येत नाही. म्हणजे "त्यांच्या खात्यावर घेऊ आणि आपल्याकडे वळवू" हा नागपुरी जुगाडही बंद.

मित्रांना सांगा, पैसे नकोत. त्यांच्या देशातल्या बाजाराची, कायद्याची माहिती काढून द्या. आम्हाला त्याचाच जास्त उपयोग झाला.

जुने कपडे, वह्या, लॅपटॉप पाठवू का?

कपडे नको. पूर्व आफ्रिकेत जुन्या कपड्यांच्या गासड्यांना 'मितुंबा' म्हणतात आणि बाजारच्या बाजार त्यांनी भरलेले असतात. श्रीमंत देशांत दान म्हणून दिलेला शर्ट तिथे विकायला येतो आणि त्यापुढे स्थानिक कापड गिरणी टिकत नाही. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकी देशांनी ही आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. अमेरिकेने व्यापार सवलती काढून घेण्याचा इशारा दिला, तेव्हा टांझानिया, केनिया, युगांडा मागे सरले. रवांडा अडून राहिला आणि २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांची सवलत गेली. तुमचा जुना कुर्ता जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला द्या, तिचा तरी धंदा होईल.

लॅपटॉप शाळेने स्वतःहून मागितला असेल आणि तिथे वीज आणि दुरुस्ती करणारा असेल, तरच. वह्या तिथेच विकत मिळतात.

तिथल्या लोकांशी संपर्क कसा टिकवावा?

ठरलेल्या वेळी, कमी वेळ. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या 'सा कुमी'ला फोन करते. म्हणजे त्यांचे दुपारचे चार, आपले साडेसहा. परत येण्याचं वचन देऊ नका. मी निघताना "पुढच्या वर्षी नक्की" म्हणाले होते आणि दोन मुलींनी ते वहीत लिहून ठेवलं होतं.

पैशांची मागणी येईल. त्यात अपमान वाटून घेऊ नका. नात्यात उसने मागणं आपल्याकडे होत नाही का? मी वर्षाला एक रक्कम ठरवली आहे, ती संपली की "यंदा जमणार नाही" असं सरळ सांगते.

मी अनाथालयात काम केलं होतं. आता वाचून शंका येऊ लागली आहे.

आमच्या गटातल्या कंबोडियावाल्या मैत्रिणीचं हेच झालं. कंबोडियात आणि नेपाळात अनाथालयांत ठेवलेल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं तिथे राहतात, असं अनेक ठिकाणी उघड झालं आहे. दर सहा आठवड्यांनी नवीन 'दीदी' येते, जीव लावते आणि निघून जाते, त्याचं मुलांच्या मनावर काय होत असेल तो भाग वेगळाच.

ती आधी कुणाशी बोलेना. मग तिने ज्या कंपनीमार्फत ती गेली होती त्यांना प्रश्न विचारणारं पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. आता ती कॉलेजांत जाऊन बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलांना सांगते, की जाण्याआधी विचारा: माझ्या जागी तिथलाच माणूस पगारावर का नाही? मुलांसोबत एकटं राहायला मला कोणत्या तपासणीनंतर परवानगी मिळणार आहे? माझं चुकलं, हे ती मुलांसमोर स्पष्ट म्हणते. आमच्या गटातलं सगळ्यात उपयोगी काम तिचं आहे असं मला वाटतं, कापसाच्या पुस्तिकेपेक्षाही.

बातम्या कुठून वाचाव्यात?

त्या देशातलं एक वर्तमानपत्र निवडा, आठवड्यातून एकदा वाचा. टांझानियासाठी मी दार-ए-सलामचं 'द सिटिझन' पाहते. आपल्या टीव्हीवर आफ्रिका फक्त दुष्काळात आणि क्रिकेटमध्ये दिसते.

बायोडेटात कसं लिहू?

काय केलं ते लिहा, काय वाटलं ते नको. "चार वर्गांना गणित शिकवलं, एका वर्गात साधारण ७० मुलं" हे मुलाखतीत चाललं. "जग बदलण्याची आवड" चाललं नाही.

घरचे म्हणतात, "झालं ना समाजकार्य? आता पुरे."

नागपूरच्या घरांत हे म्हणणारेच अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांसाठी रात्रभर भात शिजवतात, पाणी वाटतात, आणि त्याला कुणी समाजकार्य म्हणत नाही. माझे बाबा त्यातलेच. एक वर्ष मी त्यांच्याबरोबर पाणी वाटायला उभी राहिले, त्यानंतर माझ्या बैठकांवरची कुरकुर कमी झाली. बंद नाही झाली.

घरून, ऑनलाइन काही करता येतं का?

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात ऑनलाइन स्वयंसेवेची सोय आहे. भाषांतर, आकडेवारी, आरेखन अशी कामं असतात, वय १८ पूर्ण हवं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, त्यामुळे कार्यक्रम भरपूर होतील. शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांचं ते रंगीत चाक छापलेले टी-शर्टही भरपूर मिळतील.

गट सुरू केला होता, वर्षभरात बंद पडला. काय चुकलं?

आमचाही पहिला बंद पडला. आधी लोगो केला, मग ६४ जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग ट्रस्ट नोंदवायचा की नाही यावर तीन महिने वाद. ग्रुपवर शेवटी फक्त सुप्रभात उरलं. दुसऱ्या खेपेला नाव ठेवलं नाही, पदं ठेवली नाहीत, फक्त तारीख ठेवली. येईल तो येईल. एकदा मी आणि डॉक्टर दोघंच होतो, तरी तर्री पोहे खात दक्षिण सुदानवर दोन तास बोललो. म्हणजे ते बोलले.

तिथून आणलेल्या वस्तूंचं काय करायचं?

मी आईसाठी 'कांगा' आणला होता. पूर्व आफ्रिकेतल्या बायका कमरेला, खांद्याला गुंडाळतात ते कापड. त्याच्या काठावर स्वाहिलीत एखादी म्हण छापलेली असते. म्वांझाच्या बाजारात मी अर्धा तास भाव करून घेतला. आईने घडी उलगडली, चष्मा लावला, म्हण सोडून किनारीवरची बारीक अक्षरं वाचली आणि मला दाखवली: मेड इन इंडिया. पूर्व आफ्रिकेत विकले जाणारे पुष्कळ कांगे भारतातच छापले जातात, हे मला तेव्हा कळलं. आता ते कापड दर मे महिन्यात गच्चीवर कुरडयांखाली असतं. रंग अजून गेलेला नाही.